परत जाणाऱ्यांनी यूकेतली पेन्शन बंद का करू नये

यूकेत नव्याने नोकरीला लागलेल्या मराठी मुलामुलींच्या पेस्लिपवर ‘पेन्शन’ नावाची कपात दिसली की पाठोपाठ प्रश्न येतो: तीन-चार वर्षांत पुण्याला परत जायचंय, तर ही बंद कशी करायची? बंद करता येते. कंपनीने पेन्शन योजनेत नाव घातल्यापासून महिनाभरात ऑप्ट आउट केलंत, म्हणजे बाहेर पडलात, तर कापलेले पैसेही परत मिळतात. पण कळकळीने सांगते, करू नका.

आधी हिशोब बघा. पगार वर्षाला ३२,००० पौंड धरू. कायद्याने किमान ८ टक्के भरायचे, तेही ६,२४० ते ५०,२७० पौंडांमधल्या पगारावर. म्हणजे २५,७६० पौंडांवर महिन्याला साधारण १७२ पौंड जमा होतात. त्यातले तुमच्या खिशातून जातात ८६. कंपनीचे ६४ आणि करसवलतीचे २१ वरून पडतात. ऑप्ट आउट केलंत की कंपनीचे ६४ गेलेच; ते पगारात मिळत नाहीत. कपात ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ने, म्हणजे तेवढा पगार कमी घेऊन तो कंपनीकडून थेट पेन्शनमध्ये, होत असेल तर नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून जाणाऱ्या सरकारी वर्गणीची, बचतही होते. ४० टक्के कराच्या टप्प्यात असणाऱ्यांनी आपली योजना ‘रिलीफ अॅट सोर्स’ आहे का ते एचआरला विचारावं, कारण त्यात २० टक्केच सवलत आपोआप मिळते. उरलेली एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, मागावी लागते, आणि कित्येक जण ती मागतच नाहीत.

नोकरीला लागल्यावर पेन्शनमध्ये आपोआप नाव घालण्याच्या या नियमाचं मला मनापासून कौतुक वाटतं. पूर्वी ज्याला पेन्शन हवी त्याने फॉर्म भरायचा, आणि लोक तो भरत नसत. अॅडेअर टर्नर यांच्या सरकारी पेन्शन आयोगाने २००४ साली स्पष्ट सांगितलं, की आयुर्मान वाढतंय, तेव्हा चारच वाटा आहेत: म्हाताऱ्यांनी गरिबीत राहायचं, कर वाढवायचे, बचत वाढवायची, नाहीतर उशिरा निवृत्त व्हायचं. त्यातून २००८चा कायदा आला आणि ऑक्टोबर २०१२ पासून, आधी मोठ्या कंपन्यांत, कामगारांची नावं आपोआप घालायला सुरुवात झाली. वय २२ ते सरकारी पेन्शनचं वय आणि एका नोकरीतला पगार वर्षाला १०,००० पौंडांच्या वर, एवढंच पुरतं. नाही म्हणालात तरी साधारण दर तीन वर्षांनी कंपनीला तुमचं नाव पुन्हा घालावं लागतं. रेस्टॉरंटच्या किचनमधला माणूसही यात येतो. आपल्याकडे तो पीएफच्या बाहेरच राहण्याची शक्यता जास्त.

तरी पीएफला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडेन. आपले १२ अधिक १२ कुठे आणि इथले सगळे मिळून ८ कुठे! शिवाय पीएफला जाहीर व्याज आहे. इथला पैसा बाजाराबरोबर वरखाली होतो. मात्र पीएफमधून घरासाठी, लग्नासाठी काढता येतं आणि म्हातारपणासाठी थोडंच उरतं. इथे ५५ वर्षांपर्यंत (६ एप्रिल २०२८ पासून ५७) एरवी हात लावता येत नाही. त्यानंतर चौथा हिस्सा इथल्या करातून मुक्त असतो. भारतात त्यावर कर कसा लागेल, ते काढण्याआधी सीएला विचारा.

आता जे डाचतं ते. सरकारी पेन्शन वेगळी, ती नॅशनल इन्शुरन्सवर मिळते: किमान १० वर्षं भरलेली हवीत, पूर्ण मिळायला साधारण ३५. २०२५-२६ मध्ये पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड होता. इथे राहणाऱ्याची ती दरवर्षी वाढते, सध्याच्या पद्धतीने किमान अडीच टक्क्यांनी. भारतात राहायला गेलात की ती गोठते. इथल्या हॉस्पिटलात ३५ वर्षं रात्रपाळ्या केलेली नर्स त्या वर्षी निवृत्त होऊन साताऱ्याला गेली, तर वीस वर्षांनीही तिला तेच २३० मिळणार. शेजारच्या पलंगाची ड्यूटी करणारी फिलिपिनो नर्स मनिलाला गेली तर तिची वाढत राहते, कारण त्या देशाशी तसा करार आहे. अडीच टक्क्यांनीच धरलं तरी वीस वर्षांत २३० चे ३७७ होतात. वर्गणी दोघींनी सारखीच भरली. सुट्टीला यूकेत आलात तर तेवढ्या दिवसांपुरता वाढीव दर मिळतो, परतलात की पुन्हा जुना. याला अन्याय याशिवाय दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

म्हणूनच परत जाणाऱ्याला नोकरीतली पेन्शन जास्त लागते. ती साठवण तुमची स्वतःची. भारतात गेलात म्हणून तिची वाढ कोणी थांबवत नाही. अडतं ते साध्या गोष्टींवर. खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं असतं आणि नोकरी सोडल्यावर लॉगिनच जातं. प्रत्येक नोकरीचं खातं निराळं राहतं. नॉमिनी भरलेला नसतो. इथे त्या फॉर्मला ‘एक्स्प्रेशन ऑफ विश’ म्हणतात. निघण्याआधी खासगी ईमेल आणि भारतातला पत्ता घाला, आणि पैसे भारतातल्या बँकेत पाठवतात का ते लेखी विचारून घ्या. नाही म्हणाले तर इथलं बँक खातं चालू ठेवायची सोय बघा. प्रत्येक कंपनीची एक तरी पेस्लिप जपा: खातं हरवलं तर सरकारची पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस फुकट मदत करते, पण त्यांना कंपनीचं नाव लागतं.