तो खातो, पण सगळं निघून जातं

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनमध्ये मुलांच्या वॉर्डात डॉक्टर होते तेव्हाची केस. आर्नहेम लँड या दुर्गम भागातून 10 महिन्यांचं ॲबोरिजिनल (तिथल्या मूळ रहिवाशांचं) बाळ विमानाने आणलं, जुलाब-उलट्या, वजन जेमतेम 6 किलो. पोट फुगलेलं, अंग इतकं लुळं की मान धरेना. रक्तातलं पोटॅशियम 2.1, खरं तर 3.5च्या वर हवं! तिकडच्या बाळांना जुलाब लागले की हे बरेचदा दिसतं, आतड्याचं अस्तर आधीच झिजलेलं असतं त्यामुळे पोटॅशियम धाडकन खाली येतं, रक्तात ॲसिड वाढतं. मॉनिटर लावून सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम दिलं.

फाईलमध्ये मागच्या ॲडमिशनचा शेरा होता, 'घरी नीट भरवत नाहीत'. माझं डोकंच फिरलं. मेळघाटात इंटर्न असताना तिथल्या आयांनाही हेच ऐकवलेलं मी बघितलंय. बाळासोबत आजी होती, सगळे तिला आंटी म्हणायचे, फोनवर दुभाषी घेतला तर ती म्हणाली, "तो खातो, पण सगळं निघून जातं."

अगदी बरोबर सांगत होती ती. शीमध्ये साखर निघाली, म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, पचत नव्हती. लॅक्टोज नसलेलं दूध सुरू केलं, जुलाब थांबले, तरी डायपरमध्ये फिकट, तेलकट, पुसली तरी न निघणारी शी. मग इलास्टेजची टेस्ट पाठवली, हे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, शीमध्ये 200च्या खाली म्हणजे कमी (पातळ शीमध्ये पाण्यामुळे उगाच कमी येतं, म्हणून शी घट्ट होईपर्यंत थांबले होते). आलं 90. सिस्टिक फायब्रोसिस (स्वादुपिंड निकामी करणारा आनुवंशिक आजार, त्यात घाम जास्त खारट असतो) तर नाही ना म्हणून घामाची टेस्ट केली, ती नॉर्मल. म्हणजे कुपोषणानेच स्वादुपिंड सुकलं होतं, एन्झाइम बनवायला प्रोटीन लागतं तेच नाही, एन्झाइम नाही म्हणून फॅट पचत नाही, फॅट पचत नाही म्हणून वजन नाही, आणि त्यात परत नवीन इन्फेक्शन.

आंटीला चित्र काढून हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या घरचा नळ कधी दुरुस्त होणार?" एका घरात तीन कुटुंबं, बाथरूमचा नळ कित्येक दिवस बंद, हात धुवायचे कुठे आणि डायपर बदलायचं कुठे!

नीट पोषण मिळालं की स्वादुपिंड बहुतेक वेळा सावरतं, याचंही सावरलं, फॉलोअपला इलास्टेज 200च्या वर आणि वजन 7 किलो. डिस्चार्जच्या पत्रात मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की घरचे नीट भरवतात, आजार पचनाचा आहे. नळाचं पत्र वेगळं पाठवलं, उत्तर न आल्यावर परत पाठवलं.