खोक्यावरचं साल

सातवा महिना लागला त्या आठवड्यात डॉक्टर मॅडमनी माझ्या फाईलवर दोन ओळी लिहिल्या. पहिली लोहाच्या गोळ्यांची. दुसरी : ‘फ्लूची लस – ऐच्छिक’. त्या एका ‘ऐच्छिक’नं माझे पुढचे बारा दिवस खाल्ले.

धनुर्वाताची इंजेक्शनं घेताना मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. सिस्टर म्हणाल्या दंड पुढं करा, मी केला. इथं मात्र सगळं माझ्यावर सोडलेलं. त्यात आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं. त्या धसक्यानं या खेपेला मी पपई सोडली, रंकाळ्यावरची भेळ सोडली, स्कूटर सोडली. (कोल्हापुरातले पावसाळ्यातले रस्ते ज्यांनी बघितलेत, त्यांना स्कूटरचं कारण सांगायला नको.) आणि आता आपणहून, पैसे मोजून, सुई टोचून घ्यायची?

आत्तींचं, म्हणजे सासूबाईंचं, मत तयारच होतं. “आमच्या टायमाला धनुर्वाताची दोन, बास. सर्दी-तापाला कोण इंजेक्शन घेतंय व्हय? हळद घालून दूध पी.” नणंदेचा इचलकरंजीहून फोन, “घेऊन टाक गं, मी २०२१ ला पोटुशी असताना कोरोनाची घेतलीच की.” नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “तुला काय वाटतंय?” म्हणजे तोही ऐच्छिकच.

मला खरं तर २००९ आठवत होतं. मी तेव्हा आठवीत होते. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातली १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती, जवळपास माझ्याच वयाची. नाकाला रुमाल बांधून शाळेत जायचो. पण तो आजार कधीच गेला असंच मी धरून चालले होते.

पुढच्या तपासणीला मोबाईलमध्ये प्रश्न लिहूनच गेले. मॅडमनी घड्याळाकडं न बघता उत्तरं दिली, हे मुद्दाम सांगते, कारण एरवी तिथं बाहेर वीस जणी बसलेल्या असतात. २००९ चा तो विषाणू गेला नाही, तो आता दरवर्षीच्या साध्या फ्लूतच मिसळून गेलाय आणि लशीत त्याच्या जातीचा घटक असतो. इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो, त्यामुळं त्यानं फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, ती गरोदर बाईला देत नाहीत. गर्भारपणात पोट वर दाबतं, फुप्फुसांना जागा कमी पडते, प्रतिकारशक्तीचा तोलही बदलतो, म्हणून इतरांना चार दिवसांत सोडणारा ताप आपल्याला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्येच गरोदर बायकांना या लशीसाठी सगळ्यात वरचं स्थान दिलंय आणि कुठल्याही महिन्यात चालते म्हटलंय. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २६ आठवड्यांनंतरचा काळ सुचवलाय. माझे २८ भरत आले होते.

“मग ऐच्छिक का लिहिलंत?” मी विचारलं.

“धनुर्वातासारखी ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात नाही. म्हणून सक्तीसारखं लिहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. मला वाटतं, एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तरी गाडी अडली होती ती बाळापाशी. मग त्यांनी तारखांचा हिशोब मांडला. आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. माझी तारीख सप्टेंबरची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईनं घेतली तर पंधरा दिवसांत तिच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारे घटक, तयार होतात आणि नाळेतून बाळाकडं जातात. म्हणजे त्याचे पहिले महिने माझ्याच दंडावर अवलंबून. इतके दिवस मी विचारत होते की लशीनं बाळाला काही होईल का. न घेतल्यानं त्याचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ठरलं. आता लस मिळवायची. आशा सेविका ताईंनी सांगितलं, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांना सरकारी दवाखान्यात फुकट देतात, साठा असला तर. चौकशी केली, साठा संपलेला. बाहेर किंमत दीड-दोन हजारांच्या घरात. राजारामपुरीतल्या एका मेडिकलवाल्यानं फ्रीजमधून खोकं काढून काउंटरवर ठेवलं. मुदत महिन्याभराची शिल्लक होती, पण नावाखाली साल छापलेलं, ते गेल्या वर्षीचं.

“एक्स्पायरी हाय की ताई, चालतंय.”

मॅडमना तिथूनच फोन लावला. नको म्हणाल्या. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लशीतल्या जाती वर्षातून दोनदा नव्यानं ठरवतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. नवीनच आणा. दुसऱ्या दुकानानं दुसऱ्या दिवशी मागवून दिली. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत ती मांडीवर घेऊन मी रिक्षातून दवाखान्यात गेले. २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठवायची मात्र नाही, त्यामुळं सगळ्या वाटेत मी बर्फाची पिशवी खोक्यापासून चार बोटं लांब सरकवत होते.

सिस्टरनी सवयीनं डावा दंड धरला, मीही दिला. चूक. या दिवसांत डाव्या कुशीवर झोपायचं असतं, आणि रात्री दंड असा ठणकला की कूस बदलत बदलत पहाट झाली. थोडी कणकण आली, मॅडमना विचारून एक पॅरासिटामॉल घेतली, दुपारपर्यंत गेली. पोटातला पाय नेहमीसारखा मारत होता. तेवढ्यासाठी मी रात्रभर मोजत बसले होते, हे कुणाला सांगितलं नाही.

गणपती झाले आणि लेक झाली. दिवाळीत घरातली सगळी खोकत होती. आत्तींनी स्वतःच तोंडाला पदर लावून तिला घेतलं. तिला काही झालं नाही, ते लशीमुळं की पदरामुळं की नशिबानं, मी सांगू शकत नाही.

मार्चमध्ये तिला सहा महिने झाले. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, आता तिची स्वतःची फ्लूची लस, पहिल्या वर्षी दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतरानं. या वेळी बारा दिवस लागले नाहीत. मी म्हटलं, द्या, पण आधी खोकं बघू.