धारूरच्या घाटातला एक हात

त्या एसटीचा नंबर मी पाहिला नाही. चालकाचा चेहराही दिसला नाही. दिसला तो फक्त खिडकीबाहेर आलेला त्याचा उजवा हात, तळवा जमिनीकडे, सावकाश वरखाली होणारा. जानेवारीतली संध्याकाळ होती, सव्वासहा वाजून गेले होते आणि आम्ही धारूरचा घाट उतरत होतो. लिहायला बसले आहे ते त्या हातासाठी.

आईला अंबाजोगाईला न्यायचं फार दिवस राहून गेलं होतं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, योगेश्वरी आमची कुलदेवी. कोकणातल्या इतक्या घरांची देवी एवढ्या लांब बालाघाटाच्या डोंगरात कशी, हा प्रश्न आईला दर वेळी नव्याने पडतो. दर्शन झालं, ओटी भरली, मुकुंदराजांच्या समाधीपाशी बराच वेळ बसलो, हत्तीखान्याची लेणी पाहिली. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर माजलगावला निघालो, तिथे आईची शाळेतली मैत्रीण राहते. आडस, धारूर, मग घाट उतरून तेलगाव असा रस्ता.

आडसच्या अलीकडेच पहिला धडा मिळाला. समोरून एक जीप टेम्पोला ओव्हरटेक करत सरळ माझ्या बाजूने आली आणि लांबूनच अप्पर-डिपर मारायला लागली. मी घाबरून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यामध्ये वीतभर खोली होती, तिथे पुढचं चाक धाडकन खाली गेलं. मग मी त्याहून मोठी चूक केली. वेग तसाच असताना चाक वर घ्यायला स्टिअरिंग उजवीकडे हिसडलं. गाडी एकदम डांबरावर उसळली आणि रस्त्याच्या पार मधे गेली. तेवढ्यात जीप पुढे निघून गेली होती आणि टेम्पो अजून थोडा लांब होता, म्हणून वाचलो. आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आडसला चहाला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते. टपरीवाल्या काकांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "चाक खाली गेलं ना ताई, तर जाऊ द्यायचं. सरळच चालवायची. पाय काढायचा, गाडी पार हळू झाली की मंग वर घ्यायची. आणि पावसाळ्यात तर खाली उतरायचंच नाही, रुतून बसती." ही सगळी काळ्या रानाची माती. पाण्याने फुगते, उन्हात आकसते, भेगाळते. तिच्यावर टाकलेली साइडपट्टी दोन पावसाळ्यांत खचते आणि डांबराची कड उघडी पडते. आमच्याकडे कोकणात जांभा असतो, कडेला चाक गेलं तर खडखडतं, एवढंच. इथल्या रस्त्याची कड वेगळी आहे, हे मला गाडी चालवायला लागून चौदा वर्षं झाल्यावर कळलं.

त्या जीपवाल्याचा राग मात्र अजून गेलेला नाही. लाइट मारला म्हणजे समोरच्याची बाजूही आपली झाली, असं मानणारी माणसं मला सहन होत नाहीत. पण अशा माणसाशी भांडायला रस्ता ही जागा नाही. आपण वेग कमी करायचा आणि त्याला आत शिरायला जागा द्यायची. डावीकडे सरकायचं, पण डांबर सोडायची वेळ आलीच तर आधी गाडी हळू झालेली असली पाहिजे.

धारूरला किल्ला पाहायचा होता, पण उशीर झाला म्हणून तो सोडला. घाटात शिरलो तेव्हा सूर्य मावळला होता, वरती उजेड होता आणि खाली दरीत अंधार साचत होता. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे कठडा. माझा वेग पन्नासच्या आसपास होता. उताराला तो जास्त होता, हे आता कबूल करते.

खालून एसटी चढत आली. दोनदा डिपर. दुपारचा राग डोक्यात होता, म्हणून पहिला विचार आला की झालं, याला पण सगळा रस्ता हवाय. पुण्यातल्या सवयीने दुसरा विचार आला की पुढे पोलीस असतील. हात आपोआप सीटबेल्टकडे गेला, तो लावलेला होता. आणि मग बसच्या केबिनमधला दिवा लागला, खिडकीतून हात बाहेर आला, तळवा खाली, वरखाली. हा हात लायसन्सच्या वेळी सगळ्यांना शिकवतात: वेग कमी करतोय. मी तो परीक्षेनंतर कधी केला नव्हता आणि दुसऱ्या कुणी केलेला पाहिलाही नव्हता.

डिपरचे दहा अर्थ होतात. बाजूला हो, मी येतोय, तुझा अप्पर खाली घे, पोलीस आहेत, पुढे अपघात आहे. त्या हाताचा एकच होता. मी पाय उचलला. आरशात मागे एक मोटारसायकल होती, म्हणून ब्रेक एकदम न दाबता दोन-तीनदा हलकेच दाबला, म्हणजे त्याला माझे लाल दिवे दिसावेत. चारही इंडिकेटर लावले, दुसरा गिअर टाकला. एसटी बाजूने घुरघुरत वर गेली.

वळण संपलं आणि समोर ऊस होता. पूर्ण रस्ताभर ऊस.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढत असताना मागची ट्रॉली कलंडली होती. मोळ्या सुटून दरीच्या बाजूने एकच गाडी जाईल एवढी वाट उरली होती. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता. आणि त्या उसात, रस्त्याच्या मधोमध, दोन पोरं बसली होती. एक सहा-सात वर्षांचं, एक त्याहून लहान. मोठं पोर धाकट्याला उसाचं कांडं सोलून देत होतं.

मी गाडी थांबवली तेव्हा त्यांच्यात आणि बॉनेटमध्ये जेमतेम पंधरा पावलं होती. रात्री माजलगावला झोप येईना तेव्हा हिशेब केला. ताशी 50 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 14 मीटर जाते. म्हणजे मला पोरं दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत ती पंधरा पावलं संपलेली असती. पुढचा हिशेब मी केला नाही.

ऊसतोड टोळीतली माणसं मोळ्या बाजूला ओढत होती. कुणाला लागलं नव्हतं. कठड्याला टेकून एक म्हातारी बसली होती, तिला आईने पाणी दिलं. तिने विचारलं, "यस्टीवाल्यानं सांगितलं का तुम्हाला?" मी हो म्हटलं. "थांबला होता तो. कुणाला लागलं का इचारलं. म्हणला, वर जो भेटंल त्याला सांगत जातो, तुम्ही लेकरं बाजूला घ्या." लेकरं बाजूला घेतली होती, ती पुन्हा येऊन बसली होती. दिवसभर फडात राबलेल्या आयांनी आणखी किती वेळा उठायचं?

मी खाली उतरून मोबाइलचा टॉर्च हलवत वळणाकडे निघाले होते. टोळीतला एक माणूस वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोठी पेंढी खांद्यावर घेऊन माझ्या पुढे गेला. "लाइटीनं कोणी थांबत नसतंय ताई. तुम्ही कडंला व्हा." त्याने वळणाच्या अलीकडे बरंच वर जाऊन हिरवी वाढी रस्त्याच्या डाव्या अंगाला टाकली, थोड्या अंतरावर आणखी टाकली. रस्त्यावर हिरवा पाला पडलेला दिसला की ट्रकवाला काय समजायचं ते समजतो. मागून आलेले दोन ट्रक खरोखर तिथेच हळू झाले. तो माणूस ती पेंढी खरं तर बैलांसाठी नेत असणार.

वीसेक मिनिटांनी वाट मोकळी झाली. नियमाने अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं अवघड. खालचे तीन टेम्पो चढून गेले, मग आम्ही निघालो. अंधार पडला होता. आता खालून येणाऱ्यांना सांगणं माझं काम होतं.

पहिली कार आली. मी दोनदा डिपर दिला. त्याने आपला अप्पर खाली घेतला आणि त्याच वेगाने वर गेला. दुसऱ्याने उलट माझ्यावरच लाइट मारला आणि वेग वाढवला. मला रडूच आलं. वर ती पोरं होती आणि मला हे सांगता येत नव्हतं. आई म्हणाली, "अगं, त्या माणसाने आतला दिवा लावला होता."

मी लाइट डिपरवरच ठेवला, गाडी हळू केली, आतला दिवा लावला, काच खाली केली आणि हात बाहेर काढला. तळवा खाली. एक पिकअप चढत आली. चालकाने जवळ येताच मान वळवून पाहिलं. मी "ऊस पडलाय, पोरं आहेत" असं ओरडले, ते त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्याने बोटं उचलली आणि तो पुढे गेला. मी आरशात पाहिलं. वळणाच्या आधी त्याचे ब्रेकचे दिवे लागले आणि लागलेलेच राहिले.