वर्ड्स्लीचा काचेचा शंकू

आज इंग्लंडमधल्या स्टोरब्रिजजवळ, वर्ड्स्लीला रेड हाऊस कोन (कोन म्हणजे शंकू) हा जुना काचकारखाना पाहून आले. अजून डोक्यातून जात नाहीये!

कालव्याच्या काठावर विटांचा सुमारे १०० फूट उंच शंकू, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. लांबून नुसतं धुराडं वाटतं. आत शिरल्यावर कळतं, अख्खा कारखानाच या धुराड्याच्या पोटात होता. मधोमध भट्टी, जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्याकडे खेचली जाणारी हवा आणि त्या धगीत गोलाकार उभे राहून काच फुंकणारे कारागीर. १९३६ पर्यंत हे चालू होतं. मान वर करून पाहिलं की विटांची वर्तुळं लहान लहान होत जातात आणि शेवटी उरतं बशीएवढं आकाश.

१८८१ मध्ये फ्रेडरिक स्टुअर्टने ही जागा भाडेपट्ट्याने घेतली. तीच पुढे स्टुअर्ट क्रिस्टल ही काचेची कंपनी झाली. त्यांच्या पेल्यांवरच्या खोल, धारदार नक्षीतून उजेड नुसता फुटत असतो. काचेत शिसं असल्यामुळे ती जड होते, कापायला मऊ पडते आणि लखलखते. ती नक्षी माणसं फिरत्या चाकावर हाताने कापायची, हे मला फार मोठं वाटतं.

२००१ मध्ये कंपनी बंद पडली. असे शंकू ब्रिटनमध्ये आता चारच उरलेत. बर्मिंगहॅमकडे आलात तर अर्धा दिवस काढून नक्की जा.