मार्वे ते चौक: खाडीपलीकडच्या मुंबईत एक दिवस

मालाड पश्चिमेला २७२ नंबरची बस धरून मार्वेला उतरलो तेव्हा फेब्रुवारीतलं कोवळं ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. बरोबर आई होती. मनोरीला नेतो असं तिला बरीच वर्षं सांगत होतो. फेरीबोट पाचेक मिनिटांत पलीकडे लावते आणि तिच्यात माणसांबरोबर स्कूटर, भाजीच्या गोणी, सगळंच चढतं. एवढंसं पाणी, पण मालाडची गर्दी त्यानेच थोपवून धरली आहे. पलीकडे पाऊल टाकलं की विहिरी, माड, कौलारू घरं आणि वळणावळणावर पांढरे क्रूस दिसू लागतात.

मनोरी, कुलवेम, गोराई, उत्तन, डोंगरी, चौक ही गावं ज्या भूभागावर आहेत त्याचं जुनं नाव धारावी बेट. माहीमच्या खाडीजवळची धारावी वेगळी. इथे पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि पूर्वेच्या अंगाला मनोरीची खाडी, तिवरं आणि मिठागरं. मनोरी-गोराई मुंबई महापालिकेत येतात, उत्तनपासून मात्र मीरा-भाईंदरची हद्द आणि ठाणे जिल्हा सुरू होतो. गाडीने यायचं तर भाईंदरवरून भलामोठा वळसा घालावा लागतो. माझं ऐकाल तर गाडी घरीच ठेवा.

ओहोटीला समुद्रकाठचे खडक जरूर बघा. सह्याद्रीत आपण पाहतो तो काळा बेसाल्ट इथे सगळीकडे नाही. फिकट रंगाचे ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइटही आहेत. त्यांचं वय सुमारे सव्वासहा कोटी वर्षं, म्हणजे दख्खनचा मुख्य लाव्हा वाहून गेल्यानंतरचे हे खडक. चांगल्या पकडीच्या चपला घाला, कारण शेवाळावर पाय सटकतो. पोहायला मात्र उतरू नका. पाण्याची ओढ किनाऱ्यावरून कळत नाही, आणि पावसाळ्यात तर लांबच राहा.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ रमलो तो बोंबलांच्या वलांड्यांपाशी. बांबूच्या उभ्या चौकटी, त्यांना आडवे ताणलेले दोर आणि दोरांवर हजारो बोंबील. एक मावशी भराभर हात चालवत होत्या. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोराच्या दोन्ही अंगांना सोडून द्यायची. गाठ नाही, खिळा नाही. त्या माशाचे बारीक आत वळलेले दातच एकमेकांना धरून ठेवतात. आईने एक जोडी करून बघितली, ती घसरून खाली पडली. मावशींनी तिचा हात धरून पुन्हा करवून घेतली. "ताई, तोंडं नीट उघडा, मगच बसतात." ऊन कडक असेल तर तीन-चार दिवसांत बोंबील खडखडीत होतात. अवेळी पाऊस आला तर मात्र सगळी मेहनत वाया. वलांड्या बघायच्या तर दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत या. जून-जुलैत मासेमारी बंद असते. फोटो काढण्याआधी विचारा. ते त्यांचं कामाचं आवार आहे.

कोळ्यांइतकीच ही गावं ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची. १५३४च्या वसई तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि इथल्या बऱ्याच शेतकरी-कोळी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बोली मराठीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे ब्रिटिश सरकारच्या नजरेत भरावं म्हणून, तोवर संपलेल्या ईस्ट इंडिया कंपनीवरून. उन्हाळ्यात मसाला कांडून बाटल्यांत ठासून भरायची त्यांची रीत अजून आहे, म्हणून तो बॉटल मसाला. कुठे घरगुती जेवण मिळालं तर फुगे (तळलेले गोल पाव) आणि मसाल्याचं कालवण चुकवू नका, पण त्यासाठी आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

मनोरीहून गोराईला रिक्षाने गेलो. गोराईच्या विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन २००९मध्ये झालं. आत एकही खांब नाही आणि सुमारे आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. ज्यांनी विपश्यनेचं शिबिर केलेलं नाही त्यांना घुमट काचेतून पाहता येतो. थकवा आला असेल तर इथूनच बोटीने बोरिवलीला परतता येतं. लहान मुलं किंवा वडीलधारे बरोबर असतील तर तेच करा.

आई मात्र थांबायला तयार नव्हती, म्हणून उत्तन करून पुढे चौकला गेलो. रस्त्यात पाण्याची बाटली, टोपी आणि सुटे पैसे यांचा खरा उपयोग झाला. चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला होता. आता थोडेफार अवशेष उरलेत, त्यामुळे मोठ्या बुरुजांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. जागा मात्र विलक्षण आहे. खाली वसईची खाडी आणि समोरच्या तीरावर वसईचा किल्ला. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी बेट १७३७मध्ये घेतलं तरी धारावी हाती टिकल्याशिवाय वसईची समुद्राकडून होणारी रसद तोडता येत नव्हती. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९मध्ये धारावी पक्की घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वाक्यं मी कितीदा वाचली असतील, पण खाडीच्या तोंडावर उभं राहिल्याशिवाय त्यांचा अर्थ मला लागला नव्हता. इथे तोफ असेल तर खाडीत शिरणारं कुठलंही गलबत सुटायचं नाही.

परतीला भाईंदर स्टेशनची बस मिळाली. अंधार पडायच्या आत निघा, संध्याकाळनंतर बससाठी ताटकळावं लागतं. सुके बोंबील घेतलेत तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा. आईने दोन जुड्या घेतल्या होत्या आणि लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईंनी वास ओळखून पहिला प्रश्न विचारला, "मनोरीचे का?"