फ्लॅटची मागची बाजू

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं की मला शाळेतली प्रदर्शनं आठवतात आणि धडकीच भरते. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीचा पेंग्विन, जुन्या सीडींचं तोरण. पाहुणे येऊन गेले की सगळं माळ्यावर, आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्याच्या गाडीत. साधी बाटली निदान भंगारवाल्याने तरी घेतली असती. तिला रंग, कापूस, चमकी फासून आपण तीही सोय घालवतो.

त्यापेक्षा ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या विंगेत जाऊन बघावं. १९७८ सालापासून तलावपाळीला उभ्या असलेल्या या नाट्यगृहात किती दिवाणखाने लागले आणि उतरले, याचा हिशोब कोण ठेवणार! प्रेक्षकाला दिसते ती सुखवस्तू घराची भिंत. मागून मात्र ती नुसता ‘फ्लॅट’, म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेला मांजरपाट, टेकूला ब्रेस आणि ब्रेसवर वजन. कोपऱ्यात खडूने लिहिलेलं ‘उजवी २’, खाली खोडलेलं कुठल्यातरी जुन्या नाटकाचं नाव. पुढून जिथे रंगाचा पोपडा उडालाय तिथून आतला गुलाबी डोकावतो. आज सासऱ्याच्या बैठकीत उभा असलेला हा फ्लॅट आधी कुणा नवरा-नवरीच्या खोलीत होता तर!

यात पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नाही, निर्मात्याचा खिसा आहे. आणि टेम्पो. रात्री इथला प्रयोग उतरवायचा, उद्या वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात लावायचा, म्हणजे सगळं झटपट सुटायला हवं. दोन फ्लॅटच्या मधल्या बिजागरीची पिन ओढली की भिंत मोकळी. मापंही शक्यतो ठरलेली, म्हणून एका नाटकाची भिंत दुसऱ्याच्या दाराशेजारी खपून जाते. खरी मेख इथेच आहे. वस्तू पुन्हा वापरता येणार की नाही, हे ती मोडताना नाही, जोडतानाच ठरतं. पिन, सुतळी, स्क्रू असेल तर ती परत हाताशी येते. फेव्हिकॉल थापलात की संपलं. इव्हेंटवाल्यांची स्टेजं उतरवताना हातोडे चालतात, त्याचं कारण बहुधा हेच. (आणि मग तेच लोक टायरच्या खुर्च्या मांडून ‘इको थीम’चे वेगळे पैसे लावतात!)

गणपतीच्या मखरांचंही तेच झालं होतं. थर्माकोलचे खांब, थर्माकोलचीच कमान, सगळं चिकटवलेलं. विसर्जनानंतर ठेवणार कुठे? मार्च २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांना बरे दिवस आले. खाचेत खाच अडकवायची, अकराव्या दिवशी उलगडून पलंगाखाली सरकवायचं. पुढच्या वर्षी नवा कागद लावला की शेजारच्या काकूंनाही ओळखू येत नाही.

नौपाड्यात मखर बघायला गेलो की मी हल्ली आधी ते फिरवून मागचे सांधे तपासतो. परवा दुकानदार वैतागलाच. म्हणाला, “काका, बाप्पा पुढे बसवायचाय ना?”