ड्रिलच्या ट्रिगरमधली काळी पट्टी

भाच्याने ड्रिल परत आणून दिलं आणि वर म्हणाला, "मामा, हे मध्येच झोपतं आणि एकदम उसळतं. मी काही केलेलं नाही." त्याने काही केलं नव्हतं हे खरंच होतं. ट्रिगर हळूहळू दाबला की निम्म्यापर्यंत काहीच व्हायचं नाही, मग एकदम हिसका. पूर्ण दाबला की मात्र शहाण्यासारखं फिरायचं. माझा पहिला संशय कार्बन ब्रशवर. काढून पाहिले तर निम्मेही झिजले नव्हते. मग उरला स्विच.

स्विच उघडण्याआधी एक कबुली देतो. कित्येक वर्षं माझी समजूत अशी की ट्रिगरमधला व्हेरिएबल रेझिस्टर, म्हणजे रोध कमी-जास्त करणारी पट्टी (तिलाच पॉट म्हणतात), मोटरची वीज अडवतो, तोटी आवळून पाणी कमी करावं तशी. एकदा कागदावर आकडे मांडले आणि समजूत गळून पडली. ५०० वॉटचं ड्रिल २३० व्होल्टवर साधारण २ अँपिअर घेतं. मोटरला निम्मेच व्होल्ट द्यायचे तर उरलेले ११५ त्या रेझिस्टरने पोटात घ्यायचे. म्हणजे दोनशेहून जास्त वॉटची उष्णता, तीही माझ्या मुठीत. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आठ एकत्र बांधून धरल्यासारखं! जुने खोक्याएवढे पंख्याचे रेग्युलेटर खरोखर अशीच वीज जाळायचे, म्हणून ते तापायचे. ट्रिगरमधल्या नखाएवढ्या पट्टीला मात्र पाव वॉटही जड जातो.

तर मोटरची वीज जाते ट्रायॅकमधून, म्हणजे एका इलेक्ट्रॉनिक स्विचमधून. पॉट फक्त वेळ ठरवतो. ५० हर्ट्झच्या विजेत प्रत्येक अर्धी लहर १० मिलिसेकंदांची, अशा सेकंदाला १००. प्रत्येक लहरीच्या सुरुवातीला ट्रायॅक बंद असतो. पॉटमधून एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरू लागतो. त्याच्यावर साधारण ३० व्होल्ट चढले की डायॅक नावाचा दुसरा भाग फुटतो, म्हणजे एकदम वाहू लागतो, आणि ट्रायॅकला धक्का देतो. ट्रायॅक चालू होतो तो लहर संपेपर्यंत, मग करंट शून्यावर आला की आपोआप बंद. रोध कमी केला तर कपॅसिटर लवकर भरतो, लहरीचा मोठा तुकडा मोटरला मिळतो. रोध वाढवला तर उशीर, आणि उरलासुरला तुकडा. १०० किलो-ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार बरोबर १० मिलिसेकंद येतो, म्हणजे एक अर्धी लहर. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी उगाचच खूश झालो होतो.

बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये पॉट याहून निवांत असतो. तो एका चिपला थोडेसे व्होल्ट दाखवतो, आणि चिप सेकंदाला हजारो वेळा मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू-बंद करते.

आता स्विच. प्लग काढला, चार खाचा स्क्रूड्रायव्हरने उचकल्या आणि झाकण निघताक्षणी एक स्प्रिंग टेबलाखाली गेली. ती आजतागायत सापडलेली नाही. आत छोट्या बोर्डावर छापलेली काळी कार्बनची पट्टी, शेजारी समांतर चांदीसारखी पट्टी, आणि दोन्हींवरून घसरणारा पितळी वायपर, कंगव्यासारखे चार दात असलेला. ट्रिगर दाबला की वायपर सरकतो आणि वाटेत येणारा कार्बन कमी-जास्त होतो. बाकी सगळी करामत दुसऱ्यांची. पट्टीच्या सुरुवातीच्या भागात चार बारीक चर पडले होते, तळाशी फिकट बोर्ड दिसत होता. हळू सुरुवात करायला सगळे तिथेच तर घासतात.

काट्याचा जुना मल्टिमीटर लावला. अशा कामाला मी डिजिटल वापरत नाही. आकडे नाचतात, काटा कुठे दचकतो ते सांगतो. सरकवत नेलं तर पहिल्या निम्म्यात काटा अनंतावर पडून राहिला, मग टुणकन मधे आला. कोडं सुटलं: वायपरला कार्बनच मिळत नव्हता, सर्किट तुटलेलं, कपॅसिटर भरत नव्हता, ट्रायॅक झोपलेला. पूर्ण दाबल्यावर चालायचं, कारण अशा बऱ्याच स्विचांत शेवटी एक सरळ संपर्क ट्रायॅकला बाजूला सारतो.

सुट्या पॉटला तीन पाय असतात: पट्टीची दोन टोकं आणि वायपर. म्हणूनच दोनच पाय वापरायचे असतील तेव्हा मी वायपर पॉटच्या तिसऱ्या, मोकळ्या पायाला जोडतो. वायपर उचलला गेला तरी सर्किट तुटत नाही, पूर्ण रोध शिल्लक राहतो. एक इंचभर तार लागते.

रेडिओच्या व्हॉल्यूमची खरखर याच जातीची: झीज, धूळ, नाहीतर कपॅसिटर गळून पॉटवर डीसी येतो. तिसरं कारण असेल तर क्लीनर कितीही फवारा, खरखर परत येते. गेमच्या जॉयस्टिकमध्ये काटकोनात दोन पॉट असतात. ते झिजले की तुम्ही हात न लावता गडी एका बाजूला चालू लागतो. हॉल सेन्सरवाल्यात, म्हणजे चुंबकावरून जागा ओळखणाऱ्यात, घासणारी पट्टीच नसते.

व्हॉल्यूमवरून आठवलं. एकदा रेडिओत मी ए ५०के (५० किलो-ओहमचा लॉग पॉट) काढून बी ५०के (तेवढाच, पण लिनियर, म्हणजे सारख्या गतीने बदलणारा) बसवला होता. आकडा तोच म्हणून. नॉब जरा फिरवताच आवाज छपराला, पुढचा सगळा फेर निरुपयोगी. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते, म्हणून तिथे लॉग पॉट हवा, सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा. मधोमध ठेवून मोजा: लिनियर २५ किलो-ओहम दाखवतो, लॉग ५ ते ७ च्या आसपास. अक्षरावर भरवसा नको, जुन्या युरोपीय पॉटवर ए आणि बी उलटेही असायचे.

ड्रिलमधली काळी पट्टी मी पुसली, वायपरचे दात केसभर बाजूला वाकवून नव्या जागी टेकवले. चार दिवस चाललं. मग त्याच अँपिअरचा अख्खा स्विच बदलला. जुना अजून डब्यात आहे, एका स्प्रिंगने कमी.